सातपुड्याच्या ताटातील सुकी मासळी

नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र नाही. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडच्या उतारावर नर्मदा, मध्यभागी तापी, आणि दक्षिणेला नवापूरची डोंगराळ, भातशेतीची भूमी, असा हा प्रदेश आहे. पूर्वी धुळे जिल्ह्यात मोडणारा हा भाग १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या त्याच्या सहा तालुक्यांपैकी एकालाही खाऱ्या पाण्याचा स्पर्श नाही. असे असूनही येथील कोणत्याही आठवडे बाजारात जाऊन पाहावे. मीठ, मिरची, तंबाखू, गूळ, मातीची भांडी यांच्या रांगेत कोठे तरी गोणपाटावर सुक्या बोंबलांचे भारे आणि सुकटीचे गुलाबी-करडे ढीग मांडलेले असतातच. दुकान दिसण्यापूर्वी वास येतो. डोंगरावरून सकाळी निघालेली पावरा किंवा भिल्ल स्त्री परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी येथे थांबते, ओंजळभर सुकट कागदाच्या पुडीत बांधून घेते आणि पदराच्या गाठीतून पैसे मोजून देते.

घरी सहज करता येण्याजोग्या सागरी मासळीच्या पदार्थांवर मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्यात पापलेट, सुरमई, कोळंबी यांचा थाट असतो. सातपुड्यातल्या चुलीवर शतकभराहून अधिक काळ शिजणारी सागरी मासळी मात्र वेगळी आहे. तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही, कारण ती गरिबाची आहे. ती येथवर आली कशी, आणि येथे आल्यावर तिचे काय झाले, हे वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वाटेविषयी. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूर व पुढे आग्र्याकडे जाणारा मोगलकालीन मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात या वाटेने गेला. नवापूरच्या तांदळाचे त्याने मोठे कौतुक केले आहे. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फाहून शुभ्र आणि कस्तुरीसारखा सुगंधी, असे त्याचे वर्णन. त्याच्या काही वर्षे आधी, १६३० साली, पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी याच वाटेने गेला, तेव्हा भयंकर दुष्काळ पडला होता. रस्त्याच्या दुतर्फा आणि नंदुरबार गावात पडलेली प्रेते पाहून त्याने जे लिहून ठेवले आहे, ते आजही वाचवत नाही. एकाच वाटेवर काही वर्षांच्या अंतराने कस्तुरीच्या वासाचा भात आणि भुकेने मेलेली माणसे! या भूमीच्या अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली पाहिजेत.

याच वाटांनी समुद्राची एक वस्तू अखंड आत येत राहिली, ती म्हणजे मीठ. लमाण-वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरून मीठ घेऊन घाटमाथ्यावर व पठारावर जात आणि परतताना धान्य आणत. डोंगरातील माणसाला समुद्र ठाऊक होता तो मिठाच्या रूपाने. ताजी मासळी उन्हाळ्यात एक दिवसही टिकत नाही. बैलाच्या चालीने सुरतेहून नंदुरबार गाठायला लागणाऱ्या दिवसांत ती पोहोचणे अशक्यच होते. पोहोचू शकत होते ते फक्त वाळलेले किंवा खारवलेले.

मग आली आगगाडी. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून खानदेशात शिरणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० सालाच्या सुमारास सुरू झाली. संवत १९५६ चा, म्हणून 'छप्पन्नचा' म्हणून लोकांच्या आठवणीत राहिलेला दुष्काळ तेव्हाच पडला होता. नवापूरच्या स्थानकाची गंमत अनेकांना ठाऊक असेल. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि सीमारेषा स्थानकावरूनच गेली. नंदुरबार ते सुरत हे अंतर लोहमार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे किनाऱ्यावरून रात्री चढवलेली गोणी दुसऱ्या दिवशीच्या बाजारात मांडता येऊ लागली. गुजरात किनाऱ्यावरचा 'बुमला' आणि वसई-अर्नाळ्याकडचा 'बोंबील' हे एकच मासे दोन नावांनी येथे येऊन मिळाले.

इंग्रजीत या माशाला 'बॉम्बे डक' म्हणतात. टपालगाडीला 'डाक' म्हणत, त्या गाडीतून या माशाचा वास येई, म्हणून हे नाव पडले, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. हिंदुस्थानात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि हे इंग्रजी नाव त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच, छापील पुस्तकांत आढळते.

आता प्रश्न असा की, समुद्रात शेकडो जातींची मासळी असताना डोंगरात पोहोचली ती मुख्यत्वे बोंबील आणि जवळा हीच का? याचे उत्तर मला मिठात सापडते, किंवा अधिक नेमके सांगायचे तर मिठाच्या अभावात. बांगडा, मोरी, सुरमई ही मासळी टिकवायची तर तिला भरपूर मीठ लागते. बोंबलाला लागत नाही. ताज्या बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, आणि ते पाणी ऊन आणि वारा यांनीच उडून जाते. हिवाळ्यात कोळी बांधव डोल जाळ्यांनी धरलेले बोंबील किनाऱ्यावर आणतात. स्त्रिया दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या वलांड्यांवर दोरीवर टांगतात. ज्याने वसईच्या पाचूबंदरावर किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर त्या रांगा वाऱ्यावर हलताना पाहिल्या आहेत, त्याला त्यांचे वर्णन करून सांगायला नको. जवळा तर वाळूवर किंवा चटईवर पसरला की दोन दिवसांत कुरकुरीत होतो.

इंग्रजी राज्यात मिठावर कर होता. तो गरिबाच्या ताटातील प्रत्येक घासावर बसत होता, म्हणूनच ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर चिमूटभर मीठ उचलले, तेव्हा त्याचा अर्थ झोपडीतल्या माणसालाही कळला. दांडी नवसारीजवळ आहे, म्हणजे आपल्या या लोहमार्गाच्या समुद्राकडील टोकापासून फार दूर नाही. हा कर १९४७ साली रद्द झाला. तोपर्यंत खारवलेल्या मासळीच्या किमतीत मिठाची किंमत मिसळलेली असे. बोंबील आणि जवळा मात्र मिठावाचून, केवळ सूर्याच्या आणि वाऱ्याच्या कृपेने वाळत. सर्वांत स्वस्त मासळी सर्वांत दूर गेली, याचे मोठे कारण मला हेच वाटते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट घडली आहे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासे हिवाळ्यात लाकडी मांडवांवर जोड्याजोड्यांनी टांगतात. मीठ नाही, फक्त थंड वारा. हा लाकडासारखा कडक मासा मध्ययुगापासून युरोपच्या अंतर्भागात विकला गेला. पोर्तुगीजांनी त्याच कॉडला मीठ लावून 'बाकाल्याव' केला आणि ज्या गावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांच्या नाताळच्या ताटात तो जाऊन बसला. या व्यापाराला एक मोठे बळ होते ते चर्चच्या उपवासविषयक नियमांचे. शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य, मासळी चालेल. मग समुद्रापासून दूर राहणाऱ्याने काय करावे? ज्या मठांना ऐपत होती त्यांनी तळी खणून मासे पाळले, इतरांनी वाळवलेली मासळी घेतली.

मांस वर्ज्य करून मासळीला मोकळीक का, याचे स्पष्टीकरण संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दिले आहे. जमिनीवरील प्राण्यांचे मांस अधिक रुचकर व अधिक पौष्टिक, म्हणून त्याचा त्याग; मासळीने तितका आनंद होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. सेमिनरीत हा उतारा शिकवताना वसईकडच्या विद्यार्थ्यांच्या बाकांवरून हमखास हसू येई. थोर संतांविषयी पूर्ण आदर राखूनही म्हणावे लागते की, त्यांच्या पानात कोणी भरलेले पापलेट वाढलेले नसावे. (पापलेट तर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे!)

पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी 'पेनितेमिनी' हे पत्रक काढून उपवासाच्या नियमांची नव्याने मांडणी केली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेत ती आली. शुक्रवारचे व्रत कायम आहे, पण ते कोणत्या रूपात पाळावे हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशातील महागुरूंच्या परिषदेला आहे. दानधर्म व प्रार्थना यांनाही त्यात स्थान आहे. नंदुरबारच्या डोंगरात या नियमाचा अर्थ लावताना धर्मगुरूची जी तारांबळ उडते, ती रोममध्ये बसून कळणार नाही. ज्या घरात मांस वर्षातून चार-पाच सणांना शिजते, त्याला शुक्रवारी मांस सोडायला सांगणे म्हणजे नसलेली वस्तू सोडायला सांगणे. उलट, बर्फातली सुरमई मटणाहून महाग असताना ती ताटात घेऊन 'आज आमचे व्रत आहे' असे म्हणणाऱ्या सुखवस्तू कुटुंबाला काय म्हणावे? सुकटीची चिमूट आणि भाकरी, हे शुक्रवारचे ताट नियमाच्या अक्षराला व अर्थाला दोन्हींना धरून आहे, असे मला वाटते.

येथे नव्या करारातील एका ग्रीक शब्दाची आठवण होते. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. मत्तय, मार्क आणि लूक मासळीसाठी नेहमीचा साधा शब्द वापरतात. योहान मात्र सहाव्या अध्यायात 'ऑप्सारिऑन' असा शब्द योजतो. 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबर खायची चवीची वस्तू. त्याचे हे लघुरूप. मराठीत याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'तोंडी लावणे'. अभ्यासक सांगतात की, त्या मुलाजवळच्या मासळ्या बहुधा लहान, खारवलेल्या किंवा वाळवलेल्या असाव्यात. भाकरीही योहानाने सांगितल्याप्रमाणे जवाच्या, म्हणजे गव्हाची ऐपत नसलेल्यांच्या होत्या. गालील सरोवराच्या काठी मासळी खारवण्याचा मोठा उद्योग होता. मग्दालिया मरियेचे गाव मानले जाणारे मग्दला ग्रीक भाषेत 'तारिखेआ' या नावाने ओळखले जाई, आणि त्या नावातच खारवलेली मासळी आहे. भरड धान्याची भाकरी व तिच्याबरोबर सुक्या मासळीचा तुकडा! सातपुड्यातील स्त्री हे वर्णन ऐकते तेव्हा तिला त्यात परके काही वाटत नाही. ज्वारी किंवा मका म्हटले की चित्र पुरे होते.

आता चुलीकडे वळू. किनाऱ्यावरची मासळी डोंगरात आली, पण किनाऱ्यावरचा नारळ, कोकम आणि चिंचेचा कोळ तिच्याबरोबर आले नाहीत. त्यांची जागा येथील वस्तूंनी घेतली, आणि यातूनच एक स्वतंत्र पाकपद्धती घडली. आंबटपणासाठी येथे आमचूर आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत उन्हाळ्यात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी खडकांवर व छपरांवर वाळवतात. कोकणातली माणसे तिला आंबोशी म्हणतील. तिखटासाठी तर दूर जायलाच नको. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते तेव्हा सारे शिवार पेटल्यासारखे दिसते. दाटपणासाठी खोबऱ्याच्या ऐवजी शेंगदाण्याचा कूट किंवा तुरीची डाळ. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिच्यात शिजलेला बोंबील ज्याने खाल्ला त्याला त्या मानांकनाचे कारण विचारावे लागत नाही.

बोंबलाचा रस्सा असा करतात. चार माणसांसाठी आठ-दहा सुके बोंबील घ्यावेत. डोके, शेपूट आणि पर कात्रीने कापून टाकावेत व प्रत्येकाचे तीन तीन तुकडे करावेत. हे तुकडे निखाऱ्यावर किंवा कोरड्या तव्यावर भाजून घ्यावेत. ही पायरी पुष्कळजणी टाळतात आणि मग वासाची तक्रार करतात. भाजल्याने उग्र वास जातो आणि खमंगपणा येतो. मग कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून, वाळू खाली बसू द्यावी आणि तुकडे चोळून धुवावेत. थोड्या तेलात आठ-दहा लसूणपाकळ्या ठेचून टाकाव्यात, त्यावर दोन कांदे बारीक चिरून परतावेत. हळद, लाल तिखट व धणेपूड घालून बोंबील परतावेत. दोन-अडीच वाट्या पाणी आणि आमचुराच्या चार-पाच फोडी घालून दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे. मीठ शेवटी, चव पाहून. शिजलेली तुरीची डाळ वाटीभर घातली की तोच रस्सा सहा माणसांना पुरतो. गरिबीने शोधलेल्या या वाढाव्याला चवीतही तोड नाही.

जवळ्याची कृती याहून सोपी. प्रथम तो चाळून वाळू काढावी. कोरड्या तव्यावर मंद आचेवर सतत हलवत भाजावा. रंग किंचित बदलला आणि बोटांत चुरा होऊ लागला की उतरावा. एका बाजूला कांदा, हिरवी मिरची आणि लसूण थोड्या तेलात परतून त्यात भाजलेला जवळा टाकावा, वरून आमचूर किंवा कैरीचा कीस. पाच मिनिटांत तोंडी लावणे तयार. तेलही नसेल तर जवळा, लाल मिरची, लसूण आणि मीठ पाट्यावर रगडले तरी चालते. शेतावर न्यायची भाकरी याच चटणीने उभी राहते. वसईकडच्या धर्मभगिनी येथे आल्या की घरून आणलेला मसाला यात घालतात. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरलेला तो मसाला वर्षभर टिकतो, म्हणून त्याला बाटली मसाला हेच नाव पडले. एका आदिवासी वृद्धेने तो चाखून, 'चांगला आहे, पण मासा कुठे गेला?' असे विचारले होते. मसाल्याचे प्रमाण पुढे निम्मे झाले, हे सांगायला हरकत नाही.

नद्यांचा उल्लेख केल्यावाचून मात्र पुढे जाता येत नाही, कारण सुक्या मासळीची गरज किती हे नदीतील ताज्या मासळीवर ठरते. तापी-नर्मदेचे खोरे समुद्राशी केवळ व्यापाराने जोडलेले नव्हते. पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारी पाला मासळी, जिला बंगाली लोक हिल्सा म्हणतात, ती या दोन्ही नद्यांच्या मुखांतून वर येत असे. तापीवर काकरापारचा बंधारा १९५३ साली आणि उकाईचे धरण १९७२ साली झाले. ज्या मासळीला नदीची वाट लागते तिच्यापुढे भिंत उभी राहिली. उकाईचा जलाशय नवापूर-नंदुरबार तालुक्यांपर्यंत पसरला. शेती, घरे, बोरी-आंबे पाण्याखाली गेले आणि नांगर धरणारे हात जाळे धरायला शिकले. उत्तरेला सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी मणिबेली हे १९९३ च्या पावसाळ्यात सर्वप्रथम बुडालेल्यांतले गाव. काठावर उरलेल्या काही गावांत पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. वाहत्या पाण्यातला महाशीर अशा थांबलेल्या पाण्यात रमत नाही. त्याच्या जागी सोडलेले बीज वाढते, कटला आणि रोहू. १९५२ साली भारतात आणलेली तिलापियाही तापीच्या खोऱ्यात पसरली आहे. गालील सरोवरात पेत्राच्या नावाने ओळखला जाणारा मासा याच कुळातला.

ही ताजी मासळी शिजवण्याची जी पद्धत मी डोंगरात पाहिली तिला भांडेही लागत नाही. मासा साफ करून त्याला मीठ, हळद, ठेचलेली लसूण-मिरची चोळतात, पळसाच्या दोन-तीन पानांत गुंडाळून गवताच्या काडीने बांधतात आणि निखाऱ्याखाली सारतात. वरची पाने जळून काळी झाली की मासा झाला. पुनरुत्थानानंतर तिबेर्याच्या किनाऱ्यावर शिष्य उतरले तेव्हा तेथे विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर तयार होती, असे योहान लिहितो. तेथेही त्याने वापरलेला शब्द तोच आहे, तोंडी लावण्याचा.

या सुक्या मासळीवर सध्या दोन बाजूंनी संकट आहे. पहिले संकट घरातले. आश्रमशाळेत आणि पुढे शहरात शिकलेली मुले सुकट म्हटले की नाक मुरडतात. त्यांचा दोष नाही. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मला सांगितले की, शहरातल्या भाड्याच्या खोलीत तिने एकदा सुकट भाजली आणि घरमालकाने दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितले. तेव्हापासून गावाहून आईने पाठवलेली पुडी ती उघडत नाही. कोणाच्या घरात कशाचा वास यावा यावरून माणसाची पायरी ठरवण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. ख्रिस्ती म्हणवणारी घरेही तिला अपवाद नाहीत. 'ताजी मासळी आमची, सुकी कामवाल्यांची' असे म्हणणारी घरे मी किनाऱ्यावरही पाहिली आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि बालकांच्या कुपोषणाच्या बातम्यांत नंदुरबारचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. अशा ठिकाणी ही लाज महाग पडते. वाळलेल्या बोंबलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. जवळा सालीसकट खाल्ला जातो, त्यामुळे त्यातून कॅल्शियम भरपूर मिळते. वीज नसलेल्या पाड्यावरही तो महिनोन्‌महिने टिकतो. भाजून केलेली त्याची पूड चमचाभर खिचडीत घातली तर मुलाला कळतही नाही. आदिवासी भागातील गरोदर माता व बालकांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या शासनाच्या अमृत आहार योजनेत अंड्याला जागा मिळाली, हे फार चांगले झाले. सुकटीचाही विचार व्हायला हवा. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली मासळी जपून खावी, एवढा इशारा पुरे.

दुसरे संकट किनाऱ्यावरचे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते योग्यच आहे. परंतु एरवीच्या दिवसांतही जाळ्यात पूर्वीइतका बोंबील येत नाही, असे कोळी बांधव सांगतात. जो येतो तो बर्फात घालून ताजाच शहरात विकला जातो, कारण त्यात पैसा लवकर सुटतो. वाळवणाला जागा लागते, आणि किनाऱ्यावरची मोकळी जागा दरवर्षी आकसते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि तेथील मच्छीमारांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. वसईकर आपल्या अंगणातल्या या प्रश्नाकडे पाहतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर किनाऱ्यावरचीच घरे असतात. त्या वलांड्यांच्या दोरीचे दुसरे टोक धडगावच्या बाजारात बांधलेले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. बोंबील महागला की किनाऱ्यावरचा माणूस दुसरा मासा घेतो. डोंगरातली स्त्री पुडी लहान करते, आणि त्यानंतर भाकरी मिरचीबरोबर खाल्ली जाते.

ज्यांना या पावसाळ्यासाठी साठा करायचा आहे त्यांनी मे महिन्यातच खरेदी उरकावी. बोंबील वाकवून पाहावा; तो कडक असावा, लवचीक असेल तर आत ओल आहे. जवळा मुठीत दाबून सोडला की दाणे सुटे झाले पाहिजेत. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हे देऊन, गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरावा. आमच्याकडे याच दिवसांत कैरीच्या फोडीही वाळत असतात, आणि जागा थोडी असल्यामुळे बहुतेक घरांच्या पत्र्यावर एका अंगाला आमचूर व दुसऱ्या अंगाला बोंबील पसरलेला असतो. कावळे राखायला एखादे पोर हातात काठी घेऊन सावलीला बसलेले असते.